उसाचे वाढे आणि उन्हाळ्याची वैरण



गळीत हंगाम सुरू झाला की गोठ्यातली वैरणीची काळजी मिटली, असे आपण धरून चालतो. टोळी फडात उतरते, रोज हिरवेगार वाढे घरी येते, ढोरं ते आवडीने खातात आणि कडब्याच्या गंजीला हात लावायचे काम पडत नाही. होळी झाली, फड संपले, की मग डोळे उघडतात. चैत्रात गंजी अर्ध्यावर आलेली असते, वैशाखात धुऱ्यावर गवताची काडी राहत नाही आणि ज्येष्ठात, ऐन वखरणीच्या वेळी, बैलाला शेपूट धरून उठवावे लागते. शेतकी विभागातर्फे आम्ही गावोगाव हिंडतो तेव्हा हे चित्र दरसाल पाहतो. म्हणून या अंकात उसाविषयी न लिहिता उसाच्या शेंड्याविषयी आणि त्याच्या जोडीला करायच्या वैरणीविषयी चार गोष्टी सांगत आहोत. वाढे आहे तोपर्यंतच उन्हाळ्याची तजवीज करायची असते. वाढे संपल्यावर विकतच्या कडब्याशिवाय काही हाती राहत नाही.

कडबा का आटला याचे उत्तर आपल्याच वावरात आहे. आपल्या बापजाद्यांची ज्वारी पुरुषभर उंचीची होती. दाणा कमी असे, पण कडबा भरपूर होई. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हा पहिला संकरित ज्वारीचा वाण आला, त्यानंतर एकामागून एक बुटके वाण आले, आणि कणीस वाढले तसे ताट आखूड झाले. पुढे कपाशी होतीच, तिच्या जोडीला सोयाबीन आले आणि खरिपातली ज्वारी धुऱ्याला लागली. सोयाबीनने पैसा दिला हे खरे, पण कडबा नेला. सोयाबीनचे कुटार कडब्याची जागा घेऊ शकत नाही.

चराईचेही तसेच. गावाची ई-क्लास जमीन किती उरली आणि त्यातली किती वहितीत गेली, हे आम्ही सांगायला नको. सोनाळा, टुनकीकडची डोंगरपायथ्याची ढोरं पूर्वी सातपुड्यात चरून येत. १९९७ मध्ये अंबाबरवा अभयारण्य झाले, आता तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे ढोरं घालणे कायद्यात बसत नाही, आणि वाघाच्या वाटेवर गुराखी पाठवणे शहाणपणातही बसत नाही. तेव्हा संग्रामपूर भागातल्या शेतकऱ्याला गोठ्यात बांधूनच जनावर पोसायचे आहे, हे धरून हिशेब मांडावा.

वाढ्याचा गुण आणि अवगुण

आपल्याकडे कोणी शेंडे म्हणतो, कोणी वाढे, कोणी बांड्या. वस्तू एकच. चाऱ्यात प्रथिने किती यावर त्याचा कस ठरतो. पाणी सोडून कोरडा भाग धरला तर वाढ्यात प्रथिने शेकडा ५ ते ६, ज्वारीच्या कडब्यात ३ ते ४ आणि लसूणघासात १८ ते २० निघतात. म्हणजे वाढे कडब्यापेक्षा सरस, पण दुभत्या म्हशीला पुरेल इतके नाही. त्यावर जनावर जगते, पोट भरलेले दिसते, पण दूध वाढत नाही आणि कालवड वेळेवर माजावर येत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. वाढ्यात ऑक्झॅलेट नावाचे आम्ल असते. ते जनावराच्या पोटातला चुना, ज्याला डॉक्टर लोक कॅल्शियम म्हणतात, त्याला चिकटते आणि शेणावाटे बाहेर टाकते. म्हैस दुधातून चुना देते, शेणातूनही घालवते, आणि तूट भरून काढायला शरीर तिच्या हाडातला चुना ओढते. दिवाळी ते होळी चार महिने नुसत्या वाढ्यावर ठेवलेली गाभण म्हैस व्यायल्यावर बसून राहते आणि मान मुरगळून टाकते, ती या कारणाने. मग रात्री-अपरात्री डॉक्टरांना बोलवा, शिरेतून कॅल्शियम द्या. डॉक्टर वेळेवर पोचले तर म्हैस तासाभरात उभीही राहते, पण ते वेळेवर पोचतीलच याची हमी कोणी द्यावी? बैलाला दूध द्यायचे नसते म्हणून त्याची झीज लवकर दिसत नाही. पण पातळ शेण, मऊ पडलेले अंग, दावे किंवा माती चघळणे, ही लक्षणे दिसली की खनिज कमी पडते आहे असे समजावे.

यावर उपाय स्वस्त आहे. कळीचा चुना रात्री पाण्यात भिजवून ठेवावा आणि सकाळी वरची स्वच्छ निवळी काढून घ्यावी. वाढ्याची कुट्टी करून तिच्यावर ही निवळी शिंपडावी, खालीवर करावी आणि थोड्या वेळाने घालावी. खाली बसलेला चुना घालू नये. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण ढेपेबरोबर द्यावे. आणि एकूण वैरणीत वाढे अर्ध्यापेक्षा जास्त नको. उरलेला अर्धा भाग कडबा, तुरीचे किंवा हरभऱ्याचे कुटार आणि मूठभर तरी शेंगवर्गीय हिरवा चारा असा असावा. लसूणघास, बरसीम, चवळी यांत चुना भरपूर असतो, त्यामुळे वाढ्याची खोड आपोआप मोडते.

आणखी एक. पहिल्याच दिवशी पाटीभर वाढे टाकू नये. ऑक्झॅलेट पचवणारे सूक्ष्म जंतू जनावराच्या पोटात असतात, पण त्यांची संख्या वाढायला वेळ लागतो. आठ-पंधरा दिवसांत हळूहळू प्रमाण वाढवले तर तेच वाढे बरेच सोसते. उपाशी जनावरावर मात्र एकदम मारा करू नये. तसेच वाढ्याचा ढीग दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. आत हात घालून पाहावा, गरम लागला तर समजा कुजायला लागला.

२०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रात चारा छावण्या लागल्या, तेव्हा जनावरांपुढे वाढेच काय, अख्खा ऊस टाकावा लागला. जनावरे वाचली ही मोठी गोष्ट. पण शेतकी विभागाचा माणूस म्हणून स्पष्टच बोलतो : दुष्काळात फडातला ऊस गोठ्यात गेला की शेतकऱ्याचे बिल जाते आणि कारखान्याचे गाळपही जाते. वैरणीची सोय करून ठेवणे हे दोघांच्याही भल्याचे आहे.

वाढे कोणाचे, हा प्रश्न आमच्याकडे दर हंगामात येतो. तोडणी मजुराच्या बैलांना वाढे लागते, उरलेले तो विकतो, ही जुनी रीत आहे आणि ती मोडावी असे आम्ही म्हणत नाही. टोळी आल्याबरोबर मुकादमाशी बसून, आपल्याला रोज किती भारे ठेवायचे ते ठरवून घ्यावे. मागून फडात भांडण नको. यंत्राने तोडणी असेल तर शेंडा तुकडे होऊन वावरातच पसरतो आणि मातीत मिसळतो. तो गोळा करायच्या भानगडीत पडू नये, पाचटाबरोबर कुजू द्यावा. आणि ऊस पेटवून तोडू नये. वजन आणि उतारा यांचे नुकसान तर आहेच, गोठ्याचेही आहे.

मुरघास

आता उन्हाळ्याकडे वळू. मुरघास म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, जणू जनावरांचे लोणचे. मीठ नीट पडले नाही, बरणीत हवा राहिली की लोणचे बुरसते, तसेच इथेही होते.

हिशेब घरच्या चार मोठ्या जनावरांचा धरू. मार्चच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत १२० दिवस काढायचे आहेत. जनावरी रोज १२ किलो मुरघास धरला तर ४ × १२ × १२० म्हणजे ५,७६० किलो लागतो. जोडीला रोज ४ किलो कडबा धरला तर तो १,९२० किलो, म्हणजे जवळपास दोन टन. दुभत्या जनावराला ढेप वेगळी, ती अडीच लिटर दुधामागे एक किलो या मानाने.

चांगला दाबलेला मुरघास एका घनफुटात १५ किलो बसतो. चार जनावरांसाठी एकच मोठा खड्डा करू नये. उघडल्यावर रोज पातळ थर निघतो आणि तोंडाशी हवा लागून माल खराब होतो. १२ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट खोल असे दोन खड्डे करावे. एकेकात २,८८० किलो बसतो आणि तो साठ दिवस पुरतो. रोज अडीच इंचाचा काप वरपासून खालपर्यंत सरळ काढायचा आणि प्लॅस्टिक लगेच झाकायचे. खड्डा उंचवट्यावर, घराजवळ आणि पाणी झिरपणार नाही अशा जागी असावा. काळ्या भारी जमिनीत भिंती ढासळतात, तिथे जमिनीवर विटांचा हौद बरा. हल्ली मुरघासाच्या पिशव्या मिळतात. ज्याच्याकडे दोनच जनावरे आहेत त्याला त्या सोयीच्या. मात्र उंदराने भोक पाडले की पिशवी वाया जाते. भोक दिसले की त्याच दिवशी चिकटपट्टी लावावी.

मुरघासाला सर्वात चांगले पीक मका, त्यातही आफ्रिकन टॉल. एकरी वीस टनाच्या आसपास हिरवा चारा देणारा हा वाण आहे. सहा टनांसाठी बारा-तेरा गुंठे हिशेबाने पुरतात, पण घट धरून पंधरा गुंठे पेरावे. ऑक्टोबरात पेरलेला मका जानेवारीत, कणसाचा दाणा चिकात येऊन घट्ट व्हायला लागला की कापावा. फार कोवळा कापला तर पाणी सुटते आणि वास मारतो. फार पिकू दिला तर दाबला जात नाही. मूठभर कुट्टी जोरात दाबून सोडावी. हाताला ओल लागली पण पाणी गळले नाही, आणि गोळा हळूहळू उलगडला, तर ओलावा बरोबर आहे, म्हणजे शेकडा ६५ ते ७० आहे. लष्करी अळीसाठी मक्यावर औषध मारले असेल तर त्या औषधाच्या डब्यावर काढणीसाठी सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय कापू नये.

वाढ्याचाही मुरघास होतो. ज्याच्याकडे मका पेरायला पाणी किंवा जमीन नाही त्याने तो जरूर करावा. वाढे तोडल्यावर एक दिवस सुकू द्यावे आणि अर्धा-पाऊण इंचाची कुट्टी करावी. टनाला ५ किलो मीठ, ५ किलो युरिया आणि १० किलो गूळ पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडावे. मळी सभासदांनी कारखान्यात मागू नये. तिच्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते आणि ती पाटीने देता येत नाही. घरचा कमी प्रतीचा गूळ किंवा काकवी चालते. युरिया मात्र मापूनच, पूर्ण विरघळवूनच. खडा राहिला आणि तो एखाद्या जनावराच्या तोंडी गेला तर विषबाधा होते.

थर सहा इंचांचा घालावा आणि तुडवावा. गड्यांनी नाचल्यासारखे तुडवले पाहिजे, कोपऱ्यात विशेष. एका दिवसात, फार तर दोन दिवसांत खड्डा भरून बंद व्हावा. वर घुमटासारखा उंच भरावा, प्लॅस्टिक टाकावे, त्यावर माती. ४५ दिवसांच्या आत उघडू नये. चांगला मुरघास पिवळसर हिरवा असतो आणि त्याला आंबट-गोड वास येतो. काळा, बुरशीचा, कुजका वासाचा भाग फेकून द्यावा. गाभण जनावराला तर तो मुळीच घालू नये.

पाच गुंठ्यांचा बारमाही चारा

वर डोंगरपायथ्याच्या पट्ट्यात ज्यांच्या विहिरींना गोडे पाणी आहे, किंवा वान प्रकल्पाचे पाणी मिळते, त्यांनी उसाच्या एका टोकाला पाच गुंठे कायमचे चाऱ्याला द्यावे. संकरित नेपियर तीन फूट बाय दोन फुटांवर लावावा. एकरी ७,२६० कांड्या बसतात, म्हणजे पाच गुंठ्यांना हजाराच्या आत काम होते. फुले यशवंत, फुले जयवंत, डी.एच.एन.-६, कोणताही घ्या. पहिली कापणी अडीच महिन्यांनी आणि पुढे दर ४५ दिवसांनी करावी.

पण इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. नेपियरमध्येही ऑक्झॅलेट असते. वाढे आणि नेपियर दोन्ही पाटीत टाकले तर चुना घालवणारे दोन चारे एकत्र आले, पिशवीभर खनिज मिश्रणही मग कमी पडते. म्हणून निम्म्या जागेत लसूणघास हवाच. आर.एल.-८८ हा राहुरी विद्यापीठाचा वाण चांगला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकरी १० किलो बी, एक फुटावर ओळीत पेरावे. पहिली कापणी दीड महिन्याने, पुढच्या तीन-चार आठवड्यांनी, आणि पीक दोन-तीन वर्षे टिकते. बी घेताना अमरवेलाकडे लक्ष द्यावे. बादलीभर पाण्यात दहा टक्के मीठ विरघळवून बी त्यात टाकावे. वर तरंगते ते काढून टाकावे, खाली बसलेले दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुऊन पेरावे. एकदा अमरवेल वावरात शिरला की पिवळे दोरे सगळ्या घासाला वेढतात आणि पीक उपटून टाकावे लागते. उपाशीपोटी दवात भिजलेला घास घालू नये, पोट फुगते. आधी कडबा, मग घास.

खारपाणपट्टा आणि धुऱ्याचे गवत

पूर्णेच्या बाजूच्या गावांना हे सांगून उपयोग नाही. तिथे बोअरचे पाणी खारे, ते पिकाला दिले तर जमीनही बिघडते. तिथे वैरण पावसाच्या किंवा शेततळ्यात साठवलेल्या पाण्यावरच निघाली पाहिजे. तेव्हा सोयाबीन-कपाशीच्या वावरात एक-दोन तास उंच ज्वारीचे चवळीसह टाकावे, तूर आहेच, आणि धुऱ्यांवर मारवेल लावावा. मारवेलाची ठोंबे पहिल्या पावसात लावली की वर्षानुवर्षे टिकतात, माती धरून ठेवतात आणि ढोरं ती आवडीने खातात. चांगली गवते कुसळी गवताच्या आधी संपतात, कारण जनावर निवडून खाते. म्हणूनच मोकळ्या चराईच्या जागी शेवटी कुसळच उरते.

गवत कापायची वेळ भाद्रपद-आश्विनात, फुलोऱ्यावर असताना. आपण ते दिवाळीनंतर, पिवळे पडल्यावर कापतो. तोपर्यंत कस बियात गेलेला असतो, बी गळालेले असते आणि हातात काडी उरते. कुसळी गवत तर कुसळ धरण्याआधीच कापावे, नाहीतर ते जिभेत आणि हिरड्यांत रुतते. पावसाची उघडीप पाहून कापावे, पलटावे, आणि काडी पिळली असता ओल न दिसता ती तुटायला लागली की सकाळच्या गारव्यात पेंढ्या बांधाव्या. दुपारच्या उन्हात हलवले तर पाने झडतात. ओले गवत गंजीत रचले तर आतून तापते, बुरसते, आणि क्वचित पेटतेही. गंजी दगडांवर किंवा लाकडांवर, घरापासून आणि विजेच्या तारांपासून दूर असावी.

गव्हाच्या कुटारावर युरियाची प्रक्रिया करून ठेवली तर त्याचा कस वाढतो. १०० किलो कुटाराला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडावा, दाबावे आणि प्लॅस्टिकखाली २१ दिवस हवाबंद ठेवावे. घालण्याआधी तासभर पसरून वास उडू द्यावा. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नये. सोयाबीनचे कुटार भिजून काळे पडले असेल तर ते खताच्या खड्ड्यात टाकावे.

मुरघासाचा दुसरा खड्डा संपतो तेव्हा पाऊस लागलेला असतो आणि सगळीकडे कोवळे हिरवे दिसते. तेवढ्यावर भुलून जनावर सोडू नये. ज्वारी कोवळी असताना, त्यातही पावसाच्या ताणाने खुरटलेली किंवा कापल्यावर खोडव्याला फुटलेली असताना, तिच्यात विष असते. काही भागात याला किराळ लागणे म्हणतात. पाटीभर खाल्ले तरी जनावर धापा टाकते, तोंडाला फेस येतो आणि तासाभरात मरते. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय घालू नये. लक्षण दिसताच वैरण काढून घ्यावी आणि डॉक्टरांना ज्वारी खाल्ल्याचे आधी सांगावे, त्यावर शिरेतून द्यायचे औषध आहे. नव्या गवतावर ढोरं सोडायची तर पहिले आठ दिवस सकाळी कडबा घालूनच सोडावी, आणि खड्ड्यात उरलेला मुरघास तेवढ्या दिवसांसाठी राखून ठेवावा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग